न संपवलेली शांतता

एका राज्यात एक विद्यापीठ होतं. राज्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं, तर तिथले लोक विचारतील, परवानगी कुणाची घेतलीत?

त्या विद्यापीठात मंत्र शिकवत, तंत्र शिकवत, वारा वळवायला आणि पाणी थोपवायला शिकवत. पण सगळ्यांत मोठी जादू कुठल्याच वर्गात नव्हती. ती होती अंगणातल्या घोषणाशिळेत. काळीभोर, बसकी शिळा. कुलसचिवानं तिच्यावर उभं राहावं, शंख फुंकावा, बोलावं; बोललं ते लागू व्हावं. एकदा परीक्षा पुढे ढकलल्याची घोषणा झाली, तर चंद्रच पुढे सरकेना. एकादशी लांबली, आणि उपाशी बायकांनी कुलसचिवाच्या दारात शिव्यांची लाखोली वाहिली. एकदा पावसामुळे सुट्टी जाहीर झाली. आभाळ निरभ्र! मग ढग बिचारे धापा टाकत आले. न येऊन करतात काय?

नियम दोनच. घोषणा ज्यांना उद्देशून, त्यांनाच लागू. आणि एक घोषणा संपते ती दुसऱ्या घोषणेनंच.

कुलसचिवाचं नाव पद्माकर. त्याची बायको सुभगा, आणि एकुलती लेक चारुमती. चारुमती पाणी थोपवायची विद्या शिकली होती. नदीला महापूर आला, तेव्हा शेवटची नाव पैलतीरी लागेपर्यंत तिनं पाणी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नाव लागली. हात थकले. पाणी सुटलं. पुढे सांगवत नाही.

विद्यापीठात शोकसभा ठरली. पद्माकर अंगरखा घालून निघाला.

"चल," तो म्हणाला.

"तुम्ही जा," सुभगा म्हणाली. "माझी लेक गेली, हे मला शिळेवरून ऐकायचं नाही. ती हरवली आहे."

तो शिळेवर चढला. शंख फुंकला. "उपस्थित सर्वांनी स्तब्ध उभे राहून शांतता पाळावी." सगळे उभे राहिले. आता रीत अशी, की ज्यानं शांतता सुरू केली, त्यानंच "शांतता संपली, सर्वांनी बसून घ्यावे" असं म्हणायचं. पद्माकरानं तोंड उघडलं. शब्द आला नाही.

तो आलाच नाही. सगळे तसेच उभे राहिले. मग पायांना शेवाळ चढलं, पाय दगडाचे झाले. शेवाळ गुडघ्यांवर गेलं, कमरेवर गेलं. व्याकरणाच्या आचार्यांच्या पागोट्यात चिमण्यांनी घर केलं. त्यांना एरवीही कुणी हलवू शकत नव्हतं म्हणा.

नवरा घरी येईना, म्हणून सुभगा आली. पाहिलं, आणि मटकन खाली बसली. वडाच्या फांदीवर एक भारद्वाज होता. जन्मभर घोषणा ऐकून ऐकून त्या पाखराची बोलीच तशी झाली होती.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते," भारद्वाज म्हणाला, "की शेवाळ डोळ्यांवर पोचताच ही मंडळी कायमची दगड होतील."

"मेल्या, नीट बोल! उपाय सांग."

"कुलसचिव असमर्थ असल्यास अन्य व्यक्तीस घोषणा करता येईल. तीन संमती आवश्यक. एक राजाची. दुसरी विद्यापीठाच्या खजिन्यावर बसलेल्या यक्षिणीची. तिसरी, जिच्यासाठी शांतता पाळली, तिची."

सुभगेनं पदर खोचला. "चल पुढे. वाट दाखव."

राजाचा वाडा बोलक्या दगडांच्या डोंगरावर होता. तिथले दगड आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारतात. वळून पाहिलं, की आपणही दगड. सुभगा चढू लागली. "सुभगे!" दगडांनी पद्माकराच्या आवाजात हाक मारली. ती वळली नाही. "अगं ताई!" भावाच्या आवाजात मारली. ती वळली नाही. कान मात्र एकाच हाकेकडे लागले होते. ती हाक आली असती, तर ती वळली असती, दगड झाली असती, आणि सुखानं झाली असती. शिखर आलं. 'आई' म्हणून कुणी हाक मारली नाही.

"हे दगड कुणाकुणाचे आवाज काढतात रे?" तिनं विचारलं.

"केवळ जिवंत माणसांचे," भारद्वाज म्हणाला.

"मग माझ्या चारूचा का नाही काढला?"

पाखरानं मान फिरवली. "सदर बाब विचाराधीन आहे."

राजा म्हातारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शांतता कुणासाठी होती, बाई?"

"माझ्या हरवलेल्या लेकीसाठी, महाराज."

"हरवलेल्यांसाठी शोकसभा नसते. शोधायला माणसं पाठवतात."

राजानं तिच्या पायांकडे पाहिलं. पाय रक्तानं भरले होते. त्यानं बोटातली मुद्रा काढून तिच्या तळहातावर ठेवली.

खजिना तळघरात होता. विद्यापीठानं जाहीर केलेली आणि कुणी न नेलेली सुवर्णपदकं तिथे ढिगानं पडली होती. दुसऱ्याचं पदक उचलणारा सोन्याचा पुतळा होई. तसे पुतळे दाराशी बरेच उभे होते. एकाच्या चेहऱ्यावर अजून हाव होती.

यक्षीण म्हणाली, "तुझ्या मुलीचं पदक उचल. संमती देते."

"ते तिचं आहे. मी कसं उचलू?"

"ज्याचं आहे त्याला चालतं. तो नसेल, तर वारसाला चालतं. तो असेल, तर आईलाही चालत नाही."

सुभगेनं हात पुढे केला. मनात एकच: होऊ दे सोन्याचा. देवा, हा हात सोन्याचा होऊ दे!

तिनं पदक उचललं. हात मांसाचाच राहिला.

"कुणाचं आहे हे?" यक्षिणीनं हळूच विचारलं.

"माझ्या बुडालेल्या लेकीचं," सुभगा म्हणाली. यक्षिणीनं संमती दिली, आणि पदकही तिच्याकडेच राहू दिलं.

उरली तिसरी. दोघं नदीवर आली. पूर ओसरला होता. पाणी असं गरीब वाहत होतं, जणू त्यानं कधी कुणाचं काही नेलंच नाही.

"नियमानुसार," भारद्वाज म्हणाला, "तीन वेळा पुकारावे. उत्तर आल्यास संमतीची गरज नाही. ती जिवंत आहे. उत्तर न आल्यास..."

"न आल्यास?"

"मौन हीच संमती समजण्यात येईल."

सुभगा गुडघाभर पाण्यात शिरली. "चारू!" पाणी वाहत राहिलं. "चारुमती!" एक मासा उसळला, बुडाला. तिसरी हाक तिनं मारली ती ठेवणीतली, रांगत्या वयातली, घराबाहेर कुणाला माहीत नसलेली. ती मी इथे सांगणार नाही.

नदी गप्प राहिली.

सुभगा तशीच उभी होती. भारद्वाजानं घसा खाकरला. "कळविण्यात येते की..." म्हणाला, आणि थांबला. मग उडून तिच्या खांद्यावर बसला. "सुभगाबाई," तो म्हणाला, "पाणी गार आहे. वर चला."

ती परतली, तेव्हा शेवाळ पद्माकराच्या पापण्यांना लागलं होतं. डोळ्याच्या कडेला एक थेंब तेवढा हिरवा व्हायचा राहिला होता. ती शिळेवर चढली, त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याच्या दगडी मुठीतला शंख सोडवून घेतला, फुंकला.

"दिवंगत," ती म्हणाली. तिनं पदक मुठीत आवळलं. "दिवंगत चारुमती हिच्यासाठी पाळलेली शांतता आता संपली आहे. सर्वांनी बसून घ्यावे."

शेवाळ गळून पडलं. सगळं विद्यापीठ धप्पकन खाली बसलं. चिमण्या उडाल्या, आचार्य शिंकले, आणि मग कुठूनतरी एक हुंदका आला, दुसरा आला, आणि कोंडलेलं रडणं अंगणभर सुटलं.

"मला म्हणता येत होतं, सुभगे," पद्माकर म्हणाला. "पण म्हटलं असतं, तर ती संपली असती."

"ठाऊक आहे हो," ती म्हणाली. "म्हणून तर मी आलेच नव्हते."

मग ती दोघंही शिळेवरच बसली आणि रडली.

त्यानंतर घोषणा जपून होऊ लागल्या, चंद्र वेळेवर सरकू लागला, वर्ग भरू लागले, पदकं ज्याची त्याला पोचू लागली. चारुमतीचं पदक घाटावरच्या दीपमाळेत बसवलं. नावाडी ते पाहून नाव वल्हवतात. आणि विद्यापीठात नवी रीत पडली: शांतता एकानं सुरू करायची आणि दुसऱ्यानं संपवायची, पहिल्याचा हात हातात धरून.

कहाणी संपली. ज्यांनी उभ्यानं ऐकली, त्यांनी आता बसून घ्यावं.