बेचाळीस हात

कडसगावात फटाक्यांवर बंदी घालण्याचा ठराव मालनताई कोष्टींनी मांडला. नगरसेविका होण्याआधी त्या तीस वर्षं नगरपालिकेसमोरच्या चौकातल्या प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. दर दिवाळीत दचकून टाहो फोडणारी तान्ही बाळं त्यांनीच छातीशी धरली होती.

नगराध्यक्ष भाऊसाहेब तुंगारे मिशीतल्या मिशीत हसले. ताई सोडून वीसच्या वीस नगरसेवक त्यांच्या मुठीत होते.

"फटाक्यांचा त्रास होतो, तो माणूसच आजारी!" ते गरजले. सभागृहानं टाळ्या पिटल्या.

खिडकीखाली कार्यकर्ते ताटकळले होते. टाळ्या ऐकू आल्या की ठराव फेटाळला असं समजून विजयाची माळ लावायची, हा भाऊसाहेबांचाच हुकूम. त्यांनी दहाहजारी माळ लावली.

भाऊसाहेबांसकट सगळ्यांनी कानांवर हात दाबले. मालनताई तेवढ्या शांतपणे बोटानं मोजत राहिल्या.

माळ संपली. "मुख्याधिकारी, लिहा," त्या म्हणाल्या. "बेचाळीस हात बंदीच्या बाजूनं."

"हे कसलं मतदान?" भाऊसाहेब खवळले. "मत हात वर करून देतात!"

"बरं, तसं घेऊ. दुसरी माळ लावायला सांगा. ती वाजत असताना ज्यांना त्रास होणार नाही, त्यांनी दोन्ही हात वर करावेत."

खाली ते ऐकून उत्साही कार्यकर्त्यानं काडी ओढलीसुद्धा. भाऊसाहेब खिडकीकडे धावले.

"अरे गाढवांनो, बंद करा ते फटाके!"

सभागृहात हशा पिकला आणि हसता हसताच बंदीसाठी एकेक हात वर गेला. भाऊसाहेबांनी मात्र हात वर केला नाही.

"राहू द्या," मालनताई म्हणाल्या. "तुमचं मत अख्ख्या चौकानं ऐकलंय."