ओल्या हातांचा नियम

पूर्वी शूर्पारक नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. राजा मनाचा उदार, पण नजरेचा आळशी. स्नान आटोपून बाहेर आला की समोर जो हात जोडून उभा असेल, त्याला तो बक्षीस देऊन टाकी. त्यामुळे स्नानगृहाच्या दाराशी रोज जत्रा भरे.

एकदा त्याने विचारले, "अमात्य, बक्षीस द्यावं कुणाला आणि केव्हा?"

"महाराज, काम कुणी केलं ते आधी पाहावं. केव्हा द्यायचं ते मग आपोआप कळतं."

राजाला यात फार खटपट दिसली. त्याने स्वतःच नियम केला, "माझ्या स्नानासाठी ज्याचा हात ओला झाला, त्याचाच हात मी ओला करीन!" या कोटीवर तो स्वतःच दिवसभर हसत होता.

हात ओला तर मैत्र भला. दुसऱ्या दिवशी द्वारपाल, पोपट सांभाळणारा, अगदी पुरोहितसुद्धा घंगाळात हात बुचकळून रांगेत उभे राहिले. शेवटी सोमा नावाची म्हातारी आली. बारा वर्षे ती भिंतीपलीकडच्या चुलीवर राजाचे पाणी तापवीत होती. द्वारपालाने तिचे हात पाहिले.

"कोरडे ठाक! चल, मागे हो."

"अरे बाबा, ओल्या हातांनी कधी चूल पेटते का?" सोमा म्हणाली. तिने फुंकणी चुलीपाशी ठेवली आणि ती घरी गेली, पुन्हा न येण्यासाठी. बक्षिसाचे तिला एवढे नव्हते. बारा वर्षांत आपण कुणाला दिसलोच नाही, हे तिला फार लागले.

तिसऱ्या दिवशी राजाने पहिला तांब्या अंगावर घेतला आणि अशी किंकाळी फोडली की बाहेर पोपट पिंजऱ्यात फडफडले. रांग ओले हात पुढे करून उभी होती.

अमात्य म्हणाला, "महाराज, आज सगळ्यांचे हात ओले आहेत. फक्त पाणी ऊन नाही."

राजा ओशाळला. सोमाची हकिगत ऐकून तो तसाच ओलेत्याने तिच्या घरी निघाला. भावाच्या गावी जायला ती गाठोडे बांधत होती.

"माई, मला पाणी किती ऊन लागतं, ते तुला भिंतीपलीकडून कसं कळायचं?"

"तुमच्या गाण्यावरून, महाराज. पाणी बेताचं असलं की तुम्ही गाता. कढत झालं की मध्येच थांबता, मग मी एक लाकूड मागे ओढते."

आपले बेसूर गाणे कुणीतरी बारा वर्षे इतके मन लावून ऐकले, हे कळून राजाला हसू आले आणि डोळेही भरले. त्याने तिचे काजळीने माखलेले हात हातांत घेतले. त्याच्या केसांतले पाणी त्यांवर ठिबकू लागले.

"झाले की हो ओले!" सोमा म्हणाली, आणि दोघेही हसत सुटले.

राजाने हातातले कडे दिले, तेही तिने आनंदाने घेतले. दुसऱ्या दिवसापासून राजा आधी चुलीपाशी जाऊन तिला भेटे आणि मगच न्हाणीत शिरून गाऊ लागे.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज भिक्षूंना भोजन देणारा हा गृहपती. सोमा म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकणारी ही आचारीण. आणि अमात्य मीच होतो. केलेले जाणणे, हीच कृतज्ञता."

गृहपती उठला आणि त्या दाराकडे गेला.