मथूच्या हातचे मीठ

हरणखोरे हे गाव डोंगराच्या पोटात वसलेले. चहूकडून उतार, मधे शंभरेक घरे आणि गावाच्या खालच्या अंगाला मारुतीचे देऊळ. श्रीवाकळबुवा महाराज एका चैत्रात त्या देवळात येऊन उतरले, तेही कोणाला न कळवता. अंगावर शिवण उसवलेली एक वाकळ आणि हातात पाण्याचा तुंबा, एवढाच त्यांचा संसार. त्या वाकळीवरूनच लोक त्यांना ओळखत. मूळचे नाव कोणी विचारले तर महाराज म्हणत, "नाव आईला ठाऊक होतं. ती जाताना घेऊन गेली." दिवसातून एकदा एकाच घरी भिक्षा मागायची, मिळाली तर जेवायचे आणि न मिळाली तर पाणी पिऊन निजायचे, हा त्यांचा नेम होता.

त्याच गावात तात्या पुराणिकांचे घर होते. तात्या वृद्ध, आणि घरात दोन सुना. थोरल्या द्वारकाबाई सोवळ्याच्या इतक्या कडक, की त्यांच्या ओल्या लुगड्यावरून वारा गेला तरी तो कुठून आला हे त्या विचारीत. अठरा वर्षे घरचा नैवेद्य त्यांच्याच हातचा, आणि अठरा वर्षांत त्यात कधी कमी-जास्त झाले नव्हते. हा अभिमान त्या पदराच्या गाठीसारखा सदैव जवळ बाळगीत. धाकटी यमुना गरिबाघरची लेक. तिचा नवरा परगावी पंतोजी होता आणि सणावारालाच घरी येई.

यमुनेला चार वर्षांची एक मुलगी होती, मथुरा. सगळे तिला मथू म्हणत. फाल्गुनात मथूला गोवर निघाला. गोवर गेला, पण जाताना पोरीची भूक घेऊन गेला. घास तोंडापाशी नेला की ती ओठ घट्ट मिटून घेई. गाल बसले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. वैद्यबुवा म्हणाले, "रोग गेला आहे, बाई. आता अन्न हेच औषध. ते पोटात गेलं नाही तर..." आणि पुढचे न बोलताच त्यांनी पडशी उचलली. ते न बोललेले शब्द यमुनेच्या उरात रुतून बसले.

एके दिवशी यमुना भाकरी थापत असताना मथू हळूहळू चालत येऊन तिच्या मांडीवर बसली. पिठाचा एक गोळा घेऊन तिने आपली वेडीवाकडी भाकरी थापली. यमुनेने ती तव्यावर टाकली, आणि काय आश्चर्य! पोरीने ती भाकरी सगळी खाल्ली. त्या दिवसापासून हे असेच चालले. शेंगा सोलल्या की मथू भाजी खाई, मीठ घातले की वरण खाई. ज्या अन्नाला तिचा हात लागला नाही, ते तिच्या घशाखाली उतरत नसे. मग यमुना मांडीवर पोर घेऊन चुलीशी बसू लागली. एक हात उलथन्यावर, दुसरा पोरीच्या हातावर, जाळ लागू नये म्हणून. मोजून मापून घास पोटात जात होते, आणि प्रत्येक घासागणिक यमुनेचा जीव भांड्यात पडत होता.

द्वारकाबाईंना हे मुळीच पटेना. "शेंबड्या पोरीच्या हातचं अन्न या घरात शिजायला लागलं! उद्या मांजरीला पोळ्या लाटायला बसवा," असे त्या शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत. त्यांनी आपली चूल वेगळी मांडली आणि मधे राखेची रेघ ओढली. यमुना खाली मान घालून ऐकून घेई. घरोघरी मातीच्या चुली, हे तिला माहीत होते. पण आपल्या चुलीपाशी एक जीव टांगणीला लागला आहे, हे कोणाला सांगावे?

एका दुपारी महाराज पुराणिकांच्या दारी उभे राहिले. ओसरीवर मथू आपली वाकडी भाकरी खात बसली होती. तिने महाराजांकडे पाहिले, भाकरी मोडली आणि अर्धी पुढे केली. महाराजांनी ती कपाळाला लावून खाल्ली. यमुनेने दारातून पाहिले. साधूला भिक्षा मिळाली याचा तिला आनंद झाला खरा, पण आईच ती! पोरीच्या पोटातली अर्धी भाकरी कमी झाली, हेही तिच्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

द्वारकाबाई धावत बाहेर आल्या. "अगं बाई! उष्टी भाकरी दिली महाराजांना!"

महाराज म्हणाले, "बाई, फार गोड होती. उद्या तुमच्याकडेच जेवायला येतो. धाकट्या सूनबाईंच्या हातचा वरणभात करा."

थोरल्या सूनबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अठरा वर्षांच्या नैवेद्याला डावलून धाकटीला मान! त्या घरात येऊन यमुनेला म्हणाल्या, "ऐक, यमुने. उद्या महाराजांबरोबर गावातली वीस पानं बसतील. नैवेद्याचा स्वयंपाक आहे. सोवळ्यात करायचा, आणि चाखायचा नाही. पोरगी उंबऱ्याच्या आत दिसता कामा नये. काही चुकलं, तर उद्यापासून तिनं चुलीपाशी पाऊल टाकायचं नाही. मी मामंजींकडून तसं वदवून घेतलंय."

यमुनेला वाटले, आपल्याला बोल लागला तर सोसता येईल. पण मथू चुलीपासून दूर झाली, की तिचा घास बंद होणार!

दुसऱ्या दिवशी पहाटेच यमुनेने न्हाऊन ओलेत्याने चूल पेटवली. मथूला तात्यांच्या हवाली केले. पण पोर कुठली राहते? उंबऱ्याबाहेर येऊन बसली आणि "आई, मी थापू? आई, मी सोलू?" असे विचारू लागली. यमुना म्हणाली, "आज नाही, बाळा. आज देवाचा स्वयंपाक आहे." मथू रडली. सकाळची पेज तशीच राहिली, तात्यांनी भरवलेले दूध तिने थुंकून टाकले. मग ती रडायचीही थांबली आणि भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. तिचे ते गप्प बसणे यमुनेला रडण्याहून भयंकर वाटले. भात वेळायचा, खीर ढवळायची, भाजी उतरवायची, आणि दर दोन क्षणांनी मागे वळून पोरीकडे पाहायचे. कशात काय घातले आणि काय राहिले, याचे भान तिला उरले नाही.

वरण घोटून ती कढीलिंब आणायला परसात गेली. गेली तशी परत आली. येऊन पाहते तो मथू वरणाच्या पातेल्यापाशी उभी! मिठाच्या मडक्यावरचे झाकण खाली पडलेले, जमिनीवर मिठाचे खडे सांडलेले.

"आई, मी मीठ घातलं," मथू म्हणाली. सकाळपासून प्रथमच तिच्या तोंडावर हसू होते.

"किती घातलंस ग?"

मथूने ओंजळ करून दाखवली आणि दोन बोटे पुढे केली.

यमुनेने वाकून पातेल्यात पाहिले. दोन ओंजळी! शिवाय आपण मघाशी मीठ घातले होते की घालायचे राहिले होते? काही केल्या आठवेना. चाखून पाहावे तर नैवेद्याचे वरण. टाकून द्यावे तर दुसरी डाळ शिजायला वेळ नाही. आणि मीठ राहिले बाजूला, पोरीचा हात लागल्यावर ते सोवळ्याचे तरी कुठे राहिले? तोच ओसरीवर टाळ वाजले. महाराज आले होते, पाने मांडली जात होती.

यमुना ओसरीकडे तोंड करून उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या. ती म्हणाली, "महाराज, माझी लाज जायची तर जाऊ द्या. पण माझ्या पोरीचा घास सांभाळा."

तेवढ्यात द्वारकाबाई वरणाचे पातेले न्यायला आल्या. खाली सांडलेले मीठ त्यांना दिसले, पोरीच्या हाताला चिकटलेले खडेही दिसले. त्या तोंड उघडणार, एवढ्यात यमुनाच पुढे झाली. झाकून ठेवणे तिला सहज जमले असते. पण संतापुढे खोटे कसे बोलावे? ती पंगतीसमोर जाऊन हात जोडून म्हणाली, "महाराज, वरण घेऊ नका. पोरीचा हात लागलाय. मीठ किती पडलंय, मला ठाऊक नाही."

पंगत चपापली. द्वारकाबाई म्हणाल्या, "ऐकलंत ना? मी कालपासून सांगतेय! नैवेद्य बाटला! आता देवाला काय दाखवायचं?"

महाराज शांत होते. ते म्हणाले, "दाखवायचं तेच दाखवू. मथूबाई, इकडे या."

त्यांनी मथूला आपल्या पानाशी बसवले. भातावर वरण वाढायला लावले. घास कालवला, डोळे मिटून क्षणभर नाम घेतले, आणि तो घास पोरीच्या तोंडापाशी नेला. "देवा, नैवेद्य घ्या," महाराज म्हणाले.

मथूने ओठ मिटून घेतले!

वीस माणसे हातावर पाणी घेऊन थांबली. भात निवत चालला. द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावर सगळे लिहिलेले होते. यमुना खांबाला धरून उभी होती. तिला समोरचे काही दिसेनासे झाले होते, फक्त ते मिटलेले ओठ दिसत होते. महाराजांचा हात तसाच. ना पुढे, ना मागे.

"यात मीठ कोणी घातलं?" महाराजांनी हळूच विचारले.

"मी," मथू म्हणाली. ते सांगायला तोंड उघडले, आणि घास आत गेला. तिने चावला. गिळला. मग स्वतःच तोंड उघडून दुसरा मागितला.

यमुना मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. पंगतीने जयजयकार केला. मग महाराज जेवले, सारे जेवले. द्वारकाबाईंचे यजमान श्रीधरपंत मिठाचा खडा कमी-जास्त झाला तरी ताट भिरकावणारे. त्यांनी तीन वेळा वरण मागून घेतले आणि बोटे चाटली. द्वारकाबाई वाढता वाढता बघत होत्या आणि त्यांना काही उमगत नव्हते.

पंगत उठली. द्वारकाबाईंना राहवेना. दोन ओंजळी मीठ गेले कुठे? त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यातले उरलेले वरण वाटीत घेतले आणि जिभेला लावले. तोंड वेडेवाकडे झाले. खारट! समुद्राचे पाणी परवडले! तशीच वाटी घेऊन त्या ओसरीवर आल्या. महाराज खांबाला टेकून बसले होते. पोट भरलेली मथू त्यांच्या वाकळीच्या टोकावर झोपली होती.

"महाराज, हे बघा! तोंडात घालवत नाही. इतकी माणसं जेवली कशी?"

महाराजांनी वाटी घेतली, एक घोट घेतला आणि परत दिली. "चांगलं तर आहे. पुन्हा बघा."

द्वारकाबाईंनी पुन्हा जिभेला लावले. वरण अमृतासारखे होते. मीठ कसे, जसे हवे तसे!

महाराज म्हणाले, "बाई, मघाशी तुम्ही चूक चाखलीत. आता वरण चाखलंत. अठरा वर्षं तुम्ही देवाला जेवू घातलंत, त्याचा हिशेब त्याच्यापाशी आहे. पण त्याला भूक लागली तेव्हा तो कोणाच्या घरी, कोणत्या रूपानं आला, हे बघायचं राहिलं."

अभिमानाची गाठ सुटली. द्वारकाबाई महाराजांचे पाय धरायला वाकताच महाराजांनी पाय मागे घेतले आणि झोपलेल्या पोरीकडे बोट दाखवले. मथूची मूठ झोपेत उघडली होती. तळव्याला अजून मिठाचे दोन खडे चिकटलेले होते. ज्यांनी कधी पोरीची सावली आपल्या चुलीवर पडू दिली नव्हती, त्या द्वारकाबाईंनी त्या चिमुकल्या तळव्यावर कपाळ टेकले. किती वेळ तरी त्या उठल्या नाहीत. यमुनेने येऊन त्यांना हाताला धरून उठवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे महाराज गाव सोडून गेले, आले तसेच, कोणाला न कळवता. यमुनेला जाग आली ती जाऊबाईंच्या आवाजाने. राखेची रेघ पुसलेली होती, नैवेद्याची चूल धगधगत होती, आणि ओलेत्याने बसलेल्या द्वारकाबाई उंबऱ्याकडे पाहून हाका मारीत होत्या, "मथे, ऊठ ग बाई लवकर! वरण खोळंबलंय. मीठ कोण घालणार?"