ठोंब्याचे दोन कान

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा यंत्रमानव होता. द्वारकाआत्याच्या पिठाच्या गिरणीत तो कामाला होता. आत्या एकटी, गुडघे दुखरे. म्हणून शहरातल्या भाच्यानं तिच्या मदतीला त्याला पाठवलं होतं. त्याला दोन कान होते आणि सांगितलेलं अगदी तस्सं करायची सवय होती. गाव त्याला ठोंब्या म्हणे.

आत्यानं त्याला आधी एवढंच शिकवलं, की ज्या कानात आवाज पहिल्यांदा शिरेल त्या बाजूला वळायचं आणि चालायला लागायचं. मग तिनं त्याला शेळी आणायला पाठवलं. शेळी ओढ्याकाठी ओरडली. ठोंब्या ओढ्याकडे वळला. तेवढ्यात कड्यावरून तस्साच आवाज आला. ठोंब्या कड्याकडे वळला. शेळी पुन्हा ओरडली. ठोंब्या पुन्हा वळला. शेवटी शेळी कंटाळून आपली आपण घरी आली. ठोंब्या माळावर गरगर फिरतच होता.

"पहिला आवाज खरा," आत्यानं समजावलं. "मागून तस्साच येतो तो डोंगराचा. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही."

ठोंब्याला पटलं.

सकाळी शिंपीमामा गिरणीत आले आणि ज्वारी बारीक दळायला सांगितली. त्यांच्या मागे गोदूकाकू होत्या. त्यांनीही ज्वारी बारीक दळायला सांगितली. ठोंब्यानं मामांचा डबा घेतला आणि काकूंकडे पाठ फिरवली. काकू अंगानं भरभक्कम, मानी बाई. हे काय म्हणून त्यांनी विचारलं.

"तुम्ही डोंगर आहात," ठोंब्या नम्रपणे म्हणाला.

काकू डबा उचलून घरी गेल्या. आत्याला त्यांच्या दारात जाऊन हातापाया पडावं लागलं.

परत येऊन ती म्हणाली, "डोंगर विसर. कोण बोललं ते बघूच नकोस. शब्द कानावर आला की तसं वागायचं."

तिनं गिरणी सुरू केली. गिरणी म्हणाली, घर्र, घर, घर. ठोंब्यानं हातातली पाटी खाली ठेवली आणि तो घरी गेला. इकडे वरून दाणे घालायला कुणी नाही. गिरणी रिकामीच फिरली, दगडावर दगड घासला, जळका वास सुटला. आत्या गुडघे धरत घरी पोचली, तर हा ओसरीवर बसलेला.

"अरे, न थांबता चालतो तो यंत्राचा आवाज," ती दमून म्हणाली. "तो ऐकायचा नसतो. फार करकर झाली तर तेल घालायचं, बस."

हे मात्र ठोंब्यानं पक्कं धरलं. पुढचे काही दिवस इतके बरे गेले, की आत्या शेजारीपाजारी त्याचं कौतुक सांगू लागली.

मग एका दुपारी ती शिडी लावून मागच्या खोलीतल्या उंच कणगीत डोकावली आणि तोल जाऊन आत पडली. खाली ज्वारी होती, म्हणून लागलं नाही. पण वर येता येईना. ती ठोंब्याला हाका मारू लागली. श्वास न घेता, हाकेवर हाक.

ठोंब्याच्या डाव्या कानात आवाज आधी शिरला. तो डावीकडे वळला आणि नेमका कणगीपाशी आला. उभा राहून ऐकू लागला. आवाज थांबेना. उलट चढतच गेला. ठोंब्याला काळजी वाटली. तो धावत जाऊन तेलाचा डबा घेऊन आला.

आत्याच्या हाका ऐकून गोदूकाकू धापा टाकत पोचल्या, तेव्हा ठोंब्या रिकामा डबा घेऊन शिडीवर उभा होता. कणगीत एकदम शांत होतं. आत काय आहे, काकूंनी विचारलं.

"यंत्र," ठोंब्या म्हणाला. "फार जुनं दिसतंय, अख्खा डबा लागला. पण बघा, करकर थांबली."