टाक्यांचे चौकोन

रणपिसे साहेबांनी पाणीपुरवठा विभागात आल्यापासून एकही टाकी पाहिली नव्हती, पण टाक्यांवर त्यांच्याइतकं कुणी बोलत नसे. आढावा बैठकीसाठी आलेख काढायचं काम सांख्यिकी सहायक कुंदा धोटे यांच्याकडे होतं. अहवाल काळापांढरा छापायचा, म्हणून मंजूर टाक्यांच्या स्तंभात त्यांनी विरळ तिरप्या रेघा भरल्या आणि बांधलेल्यांच्या स्तंभात दाट. पण कोणत्या रेघा कशाच्या हे सांगणाऱ्या बाजूच्या सूचीतले चौकोन सॉफ्टवेअरने इतके बारीक दिले, की दोन्ही सारखेच दिसत. कुंदाबाईंनी सेटिंग बदलून ते चांगले मोठे केले.

साहेबांनी पान बघितलं आणि सगळ्यांदेखत चष्मा काढला.

"ही रांगोळी कशाला? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? चौकोन होते तेवढेच करा."

"मग मंजूर कोणत्या आणि बांधलेल्या कोणत्या, ते कळणार नाही, साहेब."

"कळायची गरज नाही. बैठकीत मी सांगेन."

साहेब उंच स्तंभच बांधलेल्या टाक्यांचा म्हणून सांगणार, हे कुंदाबाईंना पक्कं ठाऊक होतं. मंजूर टाक्या नव्वद होत्या, बांधलेल्या बारा.

"करते, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त खाली एक टीप घालते. 'मंजूर टाकी आणि बांधलेली टाकी यांत हा विभाग फरक मानत नाही.' तिच्याखाली तेवढी तुमची सही द्या."

कुणीतरी खोकल्याआड हसू लपवलं. साहेबांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

"राहू द्या मोठे," ते पुटपुटले.

बैठकीत नव्वद कोणत्या आणि बारा कोणत्या, ते शेवटच्या रांगेत बसलेल्यांनाही दिसलं.