मार्गशीर्ष वद्य पंचमी

"हात तरी किती वेळा पुढे करायचा, बाबा?"

दिवाण रघूत्तमरावांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. बैरागीबाबा घेवड्याच्या शेंगा सोलत होते. एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी नदीत टाकली.

दोघं बसले होते ते नदीच्या मधोमधल्या बेटावर. दक्षिणेच्या काठावर दिवाणांचं संस्थान, उत्तरेच्या काठावर शेजाऱ्यांचं. बेट कोणाचं, यावर दोन्ही दरबारांनी भरपूर शाई खर्च केली होती. तोवर बाबा तिथे राहून म्हातारे झाले.

"बेचाळीस कलमं लिहिली मी," दिवाण म्हणाले. "दोन्हीकडे जकात एकच. इकडे दुष्काळ पडला तर त्यांनी धान्याची पेवं उघडायची, तिकडे पडला तर आम्ही. त्यांची सुईण आमच्या गावांत चालेल, आमचा वैद्य त्यांच्या. नदी ओलांडायला परवाना नको. सगळं कबूल केलं त्यांनी! सह्या करायला आज इथे जमायचं ठरलं. सकाळपासून बसलोय, कुत्रं फिरकलं नाही."

"दिवस कोणता ठरला होता?"

"मार्गशीर्ष वद्य पंचमी. माझ्या हातानं लिहिलंय मी."

"हं…"

दिवाणांच्या अंगरख्यात महाराजांचा हुकूम होता. सूर्यास्तापर्यंत पलीकडचे आले नाहीत, तर उद्यापासून घाट बंद. माणसानं काठावरसुद्धा जायचं नाही. हुकुमाचा मसुदा दिवाणांचाच होता, आणि रागाच्या भरात तो छान उतरला होता.

आता मात्र त्यांची नजर सारखी पलीकडच्या घाटाकडे जात होती. मथूअक्का, त्यांची थोरली बहीण, त्या काठावर दिलेली. परवाने बंद झाल्याला नऊ वर्षं झाली. दर भाऊबीजेला संध्याकाळी ती पलीकडच्या घाटावर निरांजन घेऊन उभी राहायची. हे इकडच्या घाटावर. ती पाण्यावरूनच ओवाळायची आणि एवढा मोठा दिवाण पगडी काढून मान वाकवायचा. पात्र एवढं रुंद की चेहरा दिसायचा नाही, फक्त ज्योत हलताना दिसायची.

"दगा दिला त्यांनी," दिवाण म्हणाले. "महिनाभर माझ्या एका पत्राला उत्तर नाही."

बाबा उठले. "चला जरा."

बेटाच्या उत्तरेच्या टोकाला, करंजाच्या झाडांमागे, चार बांबूंवर एक मांडव उभा होता. वर झेंडूचं तोरण होतं, वाळून काळं पडलेलं. खाली तीन चुलींची राख.

दिवाण थबकले. "हे कोणी घातलं?"

"त्यांनी. राजा आला होता, कारभारी आला होता. दिवसभर तुमची वाट पाहिली. अंधार पडल्यावर शिव्या देत गेले."

"कधी?"

"मार्गशीर्ष वद्य पंचमीला."

"ती तर आज आहे!"

"तुमच्या काठावर आज. त्यांच्याकडे पौर्णिमा सरली की महिना बदलतो, तुमच्याकडे अमावास्येनंतर. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच, वद्यात मात्र वेगळा. त्यांची पंचमी महिन्यापूर्वीच होऊन गेली."

दिवाणांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे तर मला मुंज झाल्यापासून ठाऊक आहे!"

"त्यांच्या कारभाऱ्यालाही ठाऊक असेल."

दिवाणांनी तोरणातलं एक फूल तोडलं. हातात आल्याआल्या त्याचा भुगा झाला.

"एक बाईही होत्या," बाबा म्हणाले. "पहिल्या नावेनं आल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन त्या बांबूला टेकून बसल्या होत्या. जाताना डबा माझ्याकडे दिला. म्हणाल्या, उशीर झाला असेल त्याला, आला की द्या."

"कुठाय डबा?"

"चार दिवस मी दम धरला. मग खाल्ले." बाबा जरा ओशाळले. "लाडू चांगले होते. वेलची जास्त पडली होती."

"तिच्या हातून पडतेच जास्त," दिवाण म्हणाले. नऊ वर्षांत अक्का एवढ्या जवळ आली होती आणि ते आपल्या कचेरीत बसून कलमांची ओली शाई वाळवायला वाळू टाकत होते. ती दिवसभर इथे बसली होती. तिला किती वाईट वाटलं असेल.

ते त्या बांबूपाशीच खाली बसले.

पण दिवाण तो दिवाणच. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि अंगरख्यातून कागद काढला. हुकुमाचाच कागद. दुसरा जवळ नव्हता. तो उलटा करून त्यांनी कोरी बाजू मांडीवर धरली आणि बोरू काढला.

"त्रेचाळिसावं कलम घालतो. तिथी आमच्याच पंचांगाची धरायची. आमचं जास्त शास्त्रशुद्ध आहे."

"ते तसं मान्य करतील?"

"नाही करणार. त्यांनाही त्यांचंच शुद्ध वाटतं." बोरू कागदावर टेकून थांबला. "मग तुम्हीच सांगा, बाबा. दोन्ही काठांना एक दिवस कळावा, असं कलम लिहायचं तरी कसं?"

बाबांनी आपला घेवड्यानं हिरवा झालेला हात कागदावर ठेवला.

"नऊ वर्षं भाऊबीजेला तुम्ही दोघं एकाच संध्याकाळी काठावर येता. ते कोणत्या कलमात लिहिलंय, दिवाणजी?"