यमुनाक्का आणि तातडीचा घोडा

करवंदीच्या रानात राजा निवडून येत असे आणि निवडून आला की महाराज होत असे. सध्याचे महाराज तरसोजी दुसऱ्यांदा निवडून आले होते, त्यामुळे ते जरा जास्तच महाराज झाले होते.

रानाचं सरकारी कोठार पठारावर होतं आणि वाट खिंडीतून जाई. कोठारातले साहेब, म्हणजे बहुतेक अस्वलं, आपापल्या रेड्यावर एकेकटे बसून कामावर येत. खिंडीत रेड्याला रेडा अडे, धुरळा उडे, आणि एकदा तर खुद्द महाराजांना जेवायला उशीर झाला. त्याच संध्याकाळी फर्मान निघालं की यापुढे कोणी एकट्याने कामावर यायचं नाही, सगळ्यांनी सरकारी म्हशीवर मिळून यायचं. अस्वलांनी कुरकुर केली, तेव्हा फर्मानाला शेपूट जोडण्यात आलं की हे साहेबांना लागू नाही. ते लागू झालं यमुनाक्कासारख्यांना, ज्यांच्याकडे मुळात रेडाच नव्हता.

यमुनाक्का साळिंदरीण कोठारात पत्रावळ्या टाचायची. टाचायला काटे घरचेच. म्हशीवरून यायला तिची हरकत नव्हती. पण घरी लहानगा टोच्या होता. मध्येच काही झालं तर परतायचं कसं, ही धास्ती होती, कारण पायी निघालं तर घर गाठेपर्यंत दिवस मावळे. महाराजांनी त्याचाही विचार केला होता. "मिळून या, निर्धास्त राहा. संकट आलं तर सरकार तुम्हाला घोड्यावरून घरी सोडेल," असं ते सभेत म्हणाले होते आणि स्वतःच गहिवरले होते. घोडा खरोखर आणला होता. तो कोठारासमोर झूल घालून उभा असे, आणि येताजाता सगळे त्याच्याकडे बघून निर्धास्त होत.

एके दिवशी सकाळीच टिटवी ओरडत आली. टिटवी नेहमी ओरडतच येते, म्हणून आधी कोणी लक्ष दिलं नाही. टोच्याने मडक्यात डोकं घातलं होतं आणि ते निघत नव्हतं. माकडांनी ओढून पाहिलं, पण जितकं ओढावं तितका तो भेदरून काटे फुलवी आणि मडकं आणखी घट्ट बसे. दगड घालून फोडायला कोणी धजत नव्हतं.

"आधी आतून रडायचा," टिटवी म्हणाली. "आता नुसतं हुं हुं येतंय."

 हातातली पत्रावळ तिथेच टाकून यमुनाक्का घोड्याची योजना सांभाळणाऱ्या सरडेसाहेबांकडे धावली.

सरडेसाहेबांनी लगेच सहानुभूतीचा रंग घेतला आणि चौकशी सुरू केली. घोडा फक्त मिळून येणाऱ्यांसाठी होता, तेव्हा ती आज कोणाबरोबर आली? म्हशीवर ससे होते, मुंगूस होतं, असं तिने सांगितलं. सशांना बोलावण्यात आलं. ससे प्रामाणिक होते. ते म्हणाले, आक्का म्हशीवर होती खरी, पण काट्यांच्या भीतीने आम्ही सगळे शिंगांकडे दाटीवाटीने बसतो आणि ती मागे, शेपटीपाशी.

"म्हणजे तुम्ही एकट्याच आलात," सरडेसाहेब म्हणाले.

"अहो साहेब, एकाच म्हशीवर होतो आम्ही."

"म्हैस एकच होती, मान्य. पण अंगाला अंग लागलं नाही. त्याशिवाय सरकार त्याला मिळून येणं म्हणत नाही."

 यमुनाक्का पुढे झाली आणि साहेबांना घट्ट बिलगली. साहेब एकदम होते नव्हते तेवढ्या रंगांचे झाले.

"आता आहे ना मी कोणाबरोबर तरी?" तिने विचारलं.

मंजुरी तत्काळ मिळाली.

घोडा सुटणार तोच महाराज स्वतः आले. योजनेला पहिला लाभार्थी मिळाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. अशा प्रसंगी राजाने मागे राहणं बरं नव्हे, म्हणून ते घोड्यावर बसले. त्यांच्या पाठीला काटे टोचू नयेत म्हणून लाभार्थीने मागून चालावं असं ठरलं. ताशे वाजू लागले. यमुनाक्काचं घर खालच्या अंगाला होतं, पण मिरवणूक वरच्या अंगाला वळली, कारण तिकडे मतं जास्त होती. तिने दोनदा तसं सांगून पाहिलं. ताशांमुळे ते कोणाला ऐकू गेलं नाही.

"बंधूंनो," महाराज चौकात म्हणाले, "आज एक आई घरी निघाली आहे. याआधीच्या राजांच्या काळात आया घरी जात होत्या का?"

लोक म्हणाले, नाही.

तेवढ्यात यमुनाक्का गर्दीतून निसटली. चौकाच्या कडेला सरकारी म्हैस धुरपदा रवंथ करत उभी होती. तिने यमुनाक्काचा चेहरा पाहिला, काय झालं ते ऐकलं आणि तिच्यासाठी खाली बसली.

"आज घाई आहे गं, धरून बसावं लागेल. काटे टोचतील तुला," यमुनाक्का म्हणाली.

"ते रोजच टोचतात. मी बोलत नाही, इतकंच."

मग धुरपदा धावली. म्हैस धावते हे खिंडीतल्या पुष्कळांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

घरी माकडांचा घोळका जमला होता. यमुनाक्काने सगळ्यांना हाकललं. टोच्याला मांडीवर घेऊन तिने मडक्याला तोंड लावलं आणि रोज झोपवताना गुणगुणते तेच हळूहळू गुणगुणू लागली. बराच वेळ काही झालं नाही. ती थांबली नाही. हळूहळू टोच्याचा श्वास संथ झाला, काटे एकेक करून मिटले आणि मडकं आपसूक घरंगळलं.

"आई, आत गूळ होता," टोच्या म्हणाला.

तिने त्याला उराशी धरलं, आणि मग एक धपाटा घातला.

पुढच्या आठवड्यात धुरपदाला एकच प्रवासी घेऊन धावल्याबद्दल समज देण्यात आली. घोड्याला उत्कृष्ट सेवेचं पदक मिळालं. लाभार्थी घरी पोचली होती हे कोणाला नाकारता येईना, म्हणून योजना यशस्वी ठरली, आणि यमुनाक्काच्या बिळाच्या तोंडाशीच 'आम्ही पोचवलं' असा महाराजांचा भलामोठा फलक उभा राहिला. घरात शिरायला तिला आता मागून नवं भोक पाडावं लागलं.

यथावकाश निवडणूक आली, आचारसंहिता लागली, आणि नियमानुसार फलकावरचा महाराजांचा चेहरा पळसाच्या पानांनी झाकण्यात आला. पानं जरा कमी पडली, त्यामुळे दात तेवढे उघडे राहिले.